हात पुसून उचलायची रिंगटोन

पनवेलमधल्या एका लग्नाच्या हॉलवर हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं. बुफेच्या रांगेत उभा होतो. मागे कुठेतरी जुना फोन वाजला. जुना म्हणजे बटणांचा, एका वेळी एकच सूर काढणारा. आमच्या रांगेतल्या सहा-सात माणसांचे हात एकदम खिशाकडे गेले. सगळे पस्तिशीच्या पुढचे. एकाने तर हातातली ताटली शेजारच्याच्या हातात कोंबली आणि खिसा चाचपू लागला. खरं तर तसला फोन आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता. सगळ्यांचे काचेचे, तळहाताएवढे. मग एकमेकांकडे बघून आम्ही हसलो, आणि ज्याने ताटली कोंबली होती त्याने ती परत मागून घेतली.

फोन निघाला भांडी घासायला आलेल्या एका मावशींचा. त्यांनी तो कानाला लावला, "अजून एक पंगत हाय, मग निंगते," एवढं सांगितलं आणि परत कनवटीला खोचला. मी त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, "मावशी, तुमचा नंबर देता? मला ती रिंगटोन परत वाजवून पाहिजे." त्यांनी मला खालून वर बघितलं. कोट-बिट घातलेला माणूस असं काय मागतोय! शेवटी त्यांनीच ती वाजवून दाखवली आणि मी माझ्या फोनवर रेकॉर्ड करून घेतली. मागे भांड्यांचा आवाज आहे. तो मी काढलेला नाही.

याला सात-आठ वर्षं झाली. आता माझ्याकडे तीनशेच्या वर जुन्या रिंगटोन आहेत. त्यांची एक वही आहे. फोन कुठला, कुणाचा, ही रिंगटोन त्याने कुणासाठी लावली होती, आणि तिच्यात चूक कुठे आहे, असे चार रकाने. बायको म्हणते, "लोक नाणी जमवतात, पोस्टाची तिकिटं जमवतात. आमच्याकडे किरकिर जमवतात."

चूक कुठे आहे, हा रकाना का, ते सांगायला हवं. तेव्हाच्या काही फोनमध्ये रिंगटोन स्वतः बनवायची सोय होती. एक दाबलं की सा, दोन दाबलं की रे, असं समजा. सूर लांबवायला एक बटण, वर चढवायला दुसरं. पनवेलच्या एसटी स्टँडसमोर पातळ पिवळ्या कागदाच्या पुस्तिका मिळायच्या, त्यात कुठल्या गाण्याला कुठली बटणं ते छापलेलं असायचं. आम्ही कॉलेजच्या कट्ट्यावर ती पुस्तिका मध्ये ठेवून बसायचो. एकजण आकडे वाचायचा, दुसरा दाबायचा. वाचणारा चुकायचा, दाबणारा चुकायचा, छापणारा तर आधीच चुकलेला असायचा. त्यामुळे तेच गाणं प्रत्येकाच्या फोनमध्ये वेगळ्या ठिकाणी अडखळायचं. आणि त्या अडखळण्यावरूनच कळायचं, हा याचा फोन, तो त्याचा. माझ्या फोनवर गणपतीची आरती होती. तिसऱ्या ओळीत ती अशी काही वर चढायची, की कट्ट्यावर सगळे कान झाकायचे. मी ती कधी दुरुस्त केली नाही. जमवतानाही माझा तोच नियम आहे. चूक आहे तशी ठेवायची.

दुसरा नियम, कंपनीने फोनात आधीच घालून दिलेली रिंगटोन घ्यायची नाही. म्हणजे डबा उघडून फोन चालू केला की जी आपोआप वाजते ती. का, तर ती लाखो फोनांत सारखीच. कुणी निवडलेली नाही, कुणासाठी लावलेली नाही. वहीच्या पहिल्या पानावर मी लिहूनच ठेवलंय, 'कंपनीची नको. ती कुणाचीच नसते.' हे वाक्य लक्षात असू द्या. त्याचा मला पुढे फार त्रास झाला.

हे सगळं मी एका मोबाइल दुरुस्तीवाल्या चाचांकडून करवून घेतो. बाजाराकडे जाणाऱ्या गल्लीत त्यांची टपरी आहे, एक माणूस बसेल एवढीच. खाली पत्र्याच्या पेटीत मेलेले फोन. लोक नवीन घेतात आणि जुना चाचांकडे टाकून जातात. चाचा एखादा जिवंत करतात, मला बोलावतात, मी वायर लावून त्यातले आवाज लॅपटॉपवर उतरवून घेतो. मूळ मालक कोण ते चाचांना बहुतेक माहीत असतं, मग मी त्यांना जाऊन भेटतो. बेलपाड्याच्या एका काकूंकडे गेलो होतो. त्यांचे मिस्टर गेल्यावर फोन मुलाने टपरीवर टाकलेला. मिस्टरांनी बायकोच्या नंबराला आगीच्या बंबाची घंटा लावलेली होती. मी ती काकूंना ऐकवली. त्या म्हणाल्या, "मेला सगळ्या ऑफिसला सांगायचा, आग लागली, आग लागली. मला वाटायचं खरंच तिथं कारखान्यात रोज आग लागते." आणि मग त्यांनी ती पुन्हा लावायला सांगितली. मी चार वेळा लावली.

तर अशी माणसं भेटतात. म्हणून मी हे करतो. पण खरं कारण ते नाही. खरं कारण माझी आय आहे.

आमचं गाव जासईच्या अलीकडे. आता तिथे जिकडे बघावं तिकडे कंटेनर एकावर एक रचलेत. मी लहान होतो तेव्हा तिथून खाडी दिसायची. वडील मी दहावीत असताना गेले. आय करंज्याच्या धक्क्यावरून मासळी घ्यायची आणि टेम्पोने पनवेलला उरण नाक्याच्या बाजारात विकायला बसायची. तिच्या मासळीवर मी शिकलो. बीएस्सी, फिजिक्स, फर्स्ट क्लास. आमच्या घरातला पहिला पदवीधर. गावातल्या आमच्या आळीतलाही पहिलाच. हे मी सांगतो, कारण ते खरं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. लोक उगाच लाजतात असलं सांगायला. मी नाही लाजत.

आयला अक्षरओळख नव्हती. आकडे कळायचे, नोटा कळायच्या, माणसं तर फारच कळायची. पण अक्षर नाही. मी गुजरातच्या बंदरावर नोकरीला निघालो तेव्हा तिला बटणांचा फोन घेऊन दिला. आता स्क्रीनवर नाव येतं, ते तिला वाचता येणार कसं? तेव्हा मी तिच्यासमोर बसलो आणि प्रत्येकाला वेगळी रिंगटोन लावून दिली. तीच तिची फोनची वही. मोठी बहीण, म्हणजे आमची ताई, ती लग्न करून बेलपाड्याला गेलेली. तिला देवळातल्या घंटेची. बर्फवाल्याला टिक-टिक घड्याळाची. टेम्पोवाल्या मामाला हॉर्नसारखी. आय डोळे मिटून ऐकायची आणि मान डोलवायची. दोन दिवसांत तिचं पाठ झालं.

बाजारात तिचा फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात लटकवलेला असायचा. हात सतत ओले, खवल्यांनी भरलेले. फोन वाजला की हात पुसायचे की नाही, ते तिचं रिंगटोनवर ठरायचं. घड्याळ वाजलं म्हणजे बर्फ आला, उचलायची गरज नाही, बर्फवाला नुसता मिस कॉल द्यायचा. हॉर्न वाजला की ती फोन न उचलता रस्त्याच्या दिशेने ओरडायची, "आले रे, थांब!" घंटा वाजली तर हात पुसायचे, लेकीशी बोलायचं.

आणि माझी? माझी कुठली होती?

ते मला माहीत नव्हतं. त्या दिवशी सगळ्यांच्या लावून झाल्यावर मी म्हणालो, "आता माझी सांग." ती म्हणाली, "तुजा ताई लावंल. तू जा, तुजी गाडी चुकंल." मी निघालो. नंतर विचारायचं राहिलं. आणि गंमत बघा, आपल्या फोनने दुसऱ्याकडे काय वाजतं ते आपल्याला कधी ऐकूच येत नाही. आपल्याला फक्त टुर्र-टुर्र. आपण त्या वेळी दुसऱ्या टोकाला असतो. तिच्या गळ्यातली ती पिशवी माझ्या नावाने शेकडो वेळा वाजली असेल. मी एकदाही तिथे नव्हतो.

तीन वर्षांपूर्वी आय गेली. त्याच्या बऱ्याच आधी मी पनवेलला परत आलो होतो, घर घेतलं होतं, तिला काचेचा मोठा फोन घेऊन दिला होता. त्यात माणसाचा फोटोच दिसतो, मग रिंगटोन कशाला? जुना फोन कुठे गेला ते कुणी विचारलं नाही. मी जगाच्या रिंगटोन जमवत फिरत होतो आणि घरातला फोन हरवून बसलो होतो. आय गेल्यावर मी घर दोनदा पालथं घातलं. चाचांच्या पेटीतून तसल्याच मॉडेलचे फोन काढून काढून बघितले, चुकून तिथे आला असेल म्हणून. वहीतलं एक पान मी कोरं सोडलं होतं. त्यावर फक्त 'आय' एवढंच लिहिलेलं.

या मार्चमध्ये ताईचा फोन आला. "अरे, आयचा सोड्याचा डबा माज्याकडं पडलेला ना, त्यात तिचा फोन सापडला."

"सोड्याच्या डब्यात? सुक्या कोलंबीत?"

"वरती सोडे, खाली फोन. तिला वाटला असंल, घरात कोन काय चोरंल, पन सोड्याच्या वासात हात घालायला कोन जानार?"

मी तसाच स्कूटरवर बेलपाड्याला गेलो, फोन घेतला, चहासुद्धा प्यायलो नाही, आणि तडक चाचांच्या टपरीवर आलो. फोन टपरीवर ठेवला तशी शेजारच्या पानवाल्याने नाक धरलं.  चाचांनी मागचं झाकण उघडलं. बॅटरी फुगून पुरीसारखी झाली होती. त्यांनी ती काढून बाजूला ठेवली, पेटीतली दुसरी लावली, ब्रशने आतलं सगळं साफ केलं. मी स्टुलावर बसून होतो. माझी बीएस्सीची परीक्षा होती तेव्हासुद्धा मी इतका घामाघूम झालो नव्हतो.

स्क्रीन उजाडली, पण अर्धी काळी. शाई सांडल्यासारखी.

"नजर गेलीये याची," चाचा म्हणाले. "पण गळा शाबूत आहे. बोला, काय ऐकायचंय?"

मी त्यांना सांगितलं. माझा नंबर तोच आहे, कॉलेजपासूनचा. तो या फोनात साठवलेला असणार. मी इथून फोन लावला की तो वाजेल, आणि जी वाजेल ती माझी.

आयचं सिम केव्हाच बंद झालेलं. माझं दुसरं सिम त्या फोनला चालेना, फोन फारच जुना. चाचांनी स्वतःच्या खिशातल्या साध्या फोनाचं सिम काढून त्यात घातलं. म्हणाले, "अम्मीचं काम आहे. घ्या."

मी आधी ताईला त्या नंबरवर फोन लावायला सांगितला, खात्री करून घ्यायला. घंटा वाजली. देवळातली. मी लावलेली, तशीच. इतक्या वर्षांनी. चाचा हसले. पानवालाही नाक सोडून बघायला लागला. म्हणजे फोन सगळं लक्षात ठेवून होता.

मग मी माझ्या फोनवरून लावला. समोर आयचा फोन, हातात माझा. आयुष्यात पहिल्यांदा मी दोन्ही टोकांना होतो.

वाजली ती कंपनीची.

डबा उघडल्यावर वाजते ती. कुणाचीच नसते ती. मी फोन कट केला, परत लावला. परत तीच. चाचांनी दुसरी स्क्रीन पेटीतून काढून जोडली, यादी उघडली. माझं घरातलं नाव होतं, नंबर होता. रिंगटोनच्या जागी काही लावलेलं नाही, असं फोन स्वतःच सांगत होता. बर्फवाल्याला होती. टेम्पोवाल्या मामाला होती. मला नव्हती.

चाचा म्हणाले, "राहून गेलं असेल, भाई. माणूस विसरतो."

मी "हो" म्हणालो. पण मला राग आला होता, खरं सांगतो. आता चाळिशी उलटलेल्या माणसाला असल्या गोष्टीचा राग येऊ नये. पण आला. वाटलं, बर्फवाल्याची आठवण राहिली आणि माझी नाही? ज्याच्यासाठी तिने उन्हात बसून मासळी विकली, जो शिकला, ज्याने तो फोन घेऊन दिला, त्याच्यासाठी तीन बटणं दाबायचं राहून गेलं?

फोन खिशात घालून मी आठवडाभर तसाच फिरलो. वहीतलं पान कोरंच ठेवलं. लिहिणार काय? माझ्याच नियमात ती बसत नव्हती.

रविवारी ताईकडे गेलो. बेलपाड्याला त्यांचं घर आता चारी बाजूंनी टॉवरांनी वेढलंय, पण ओटा जुनाच आहे. ताई ओट्यावर कोलंबी सोलत बसली होती. मी पायरीवर बसलो. जरा वेळ इकडचं तिकडचं बोललो आणि मग सुटलंच तोंडातून.

"आयने मला काही लावलीच नव्हती."

"काय लावली नव्हती?"

"रिंगटोन. तुला आहे, मामाला आहे, बर्फवाल्याला आहे. मला कंपनीचीच."

ताईने माझ्याकडे बघितलं आणि हसायलाच लागली. "ताईला मोठा लाडू, मना बारका! अजून तेच हाय तुजा? केस पिकले की रे."

"हसू नकोस. तू लावणार होतीस ना?"

"लावलेली!" ती म्हणाली. "पाखराची लावलेली. चिवचिव करायची ती. आयला खूप आवडलेली. चार म्हयने होती. मग आयनाच काढायला लावली."

"काढायला लावली? का?"

"तुज्यामुलं," ताई म्हणाली. "तू कायम झालास तवाचा आठव."

आणि मला आठवलं.

बंदरावर माझी नोकरी पक्की झाली तो दिवस. आमच्या खानदानात पक्की नोकरी कुणालाच नव्हती. नेमका माझा फोन आदल्या दिवशी पाण्यात पडून बंद झालेला. तसाही गुजरातमध्ये रोमिंग लागायचं, म्हणून मी बऱ्याचदा दुसऱ्याच्या फोनवरूनच करायचो. कधी कँटीनवाल्याच्या, कधी रूमवरच्या मित्राच्या. त्या दिवशी गेटवरच्या वॉचमनचा फोन मागून घेतला आणि आयला लावला. तिने उचलला नाही. परत लावला, परत नाही. तिसऱ्यांदा नाही. मला राहवेना. मग टेम्पोवाल्या मामाला लावला. त्याचा नंबर मला तोंडपाठ, कारण टेम्पोच्या मागे तांबड्या रंगाने हाताएवढा लिहिलेला होता. मामाला सांगितलं, "मामा, मी पर्मनंट झालो!" आणि फोन वॉचमनला देऊन टाकला.

माझ्या बाजूने गोष्ट तिथे संपलेली. तिच्या बाजूने काय झालं ते मला त्या ओट्यावर कळलं.

"मामा हॉर्न वाजवत बाजारात शिरला," ताई सांगत होती. "पोर पर्मंट झाला, पोर पर्मंट झाला! सगल्या बायका आयच्या पुढ्यात. पेढं कुठंत गं? आन् आयला कायच म्हाईत नाय. ती पापलेटाला बर्फ लावत बसलेली. फोन वाजत व्हता गल्यात, तिना ऐकला पन. पन पाखरू नाय वाजला ना! कंपनीचा वाजला. म्हनून हातच पुसलं नाय तिनी. कुनी परका असंल म्हनून."

ताईने कोलंबीचं टोपलं बाजूला सरकवलं.

"सगल्या बाजाराला कलला, आयला नाय कलला. थेट माज्या घरी आली आन् माज्यावर डाफरली. म्हनाली, काड तो पाखरू. त्याचा वेगला ठेवू नको. तो कनच्या फोनवरना करंल, काय नेम? जो कुनाचा नाय ना, तो त्याचा."

 ताई मला म्हणाली, "बीएस्सी झालास, पन तुला कायतरी सांगायचा म्हंजे..." आणि तिने वाक्य पुरं केलं नाही. उठून आत गेली आणि माझ्यासाठी चहा ठेवला.

जो कुणाचा नाही, तो त्याचा. मी वहीत काय लिहून ठेवलं होतं, ते तुम्हाला आठवत असेल.

पण त्याहून एक वाईट गोष्ट मला त्या पायरीवर आठवली, आणि ती लिहिल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही.

एकदा मी सुट्टीवर आलो होतो आणि बाजारात आयच्या शेजारी गोणपाटावर बसलो होतो. आय सुरमई कापत होती. फोन वाजला. तीच, कंपनीची. तिने कोयता टाकला, पाण्यात हात बुडवले, लुगड्याला खसाखसा पुसले, पिशवीतून फोन काढला आणि कानाला लावून म्हणाली, "बोल रे बाला!" मी शेजारी बसलोय! मी म्हणालो, "आय, मी इथे आहे." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "व्हय की," आणि फोनातल्या माणसाला म्हणाली, "नाय, नाय, माजा पोर हितंच हाय." आम्ही दोघंही पोट धरून हसलो. समोर गिऱ्हाईक थांबलेलं.

नंतर नंतर तिला कर्जवाल्यांचे, विमावाल्यांचे फोन यायला लागले. ती प्रत्येक उचलायची. "बोल रे बाला." मग पलीकडे एखादी मुलगी पाठ केलेलं बोलायला लागायची, आणि आय मध्येच विचारायची, "जेवलीस काय?" मी वैतागायचो. मी तिला सांगितलं होतं, एकदा नाही, वीसदा. "अनोळखी नंबर उचलायचा नाही. फसवतात. तुला वाचता येत नाही, तुला कळत नाही." हे मी माझ्या तोंडाने बोललो आहे. तुला वाचता येत नाही, तुला कळत नाही. ती "बरा" म्हणायची. आणि पुढचा फोन वाजला की हात पुसायची.

मी परत आल्यावरही ती तशीच उचलत राहिली. तेव्हा तर मी त्याच घरात राहत होतो.

गेल्या शनिवारी मी चाचांकडे पुन्हा गेलो. म्हणालो, "ही रिंगटोन घ्यायचीय."

चाचांनी पेटीकडे बोट दाखवलं. "अहो, ही तर पेटीतल्या निम्म्या फोनांत आहे. चांगल्या स्पीकरवाल्यातून घ्या ना. यात खरखर येते."

"नाही, यातूनच. खरखरीसकट."

 चाचांनी परत स्वतःचं सिम घातलं. मी माझा नंबर लावणार, तेवढ्यात मला वाटलं, असं नको. मी पानवाल्याला हाक मारली, "तुम्ही लावा या नंबरवर." त्याचा नंबर आयच्या फोनात असण्याचा काही संबंधच नव्हता. त्याने लावला. फोन वाजला. मी पूर्ण वाजू दिला, शेवटपर्यंत. मागे बाजाराचा आवाज आहे, पानवाला कुणाला तरी "चुना कमी?" असं विचारतो तेही आहे. काही काढलेलं नाही.

वही उघडली. फोन कुणाचा, आयचा. कुणासाठी, तिथे मी माझं घरातलं नाव लिहिलं. चूक कुठे आहे, त्या रकान्यात बराच वेळ पेन धरून बसलो. मग 'पाखरू काढलं' एवढं लिहिलं. ती चूक नव्हती, पण दुसरं काही सुचलं नाही. पहिल्या पानावरचा नियम खोडला. तो खोडताना कागद फाटला, मी पेन फार दाबतो.

चाचा सिम काढून घेत होते तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. स्क्रीनवर नाव नव्हतं, नुसता आकड्यांचा लांबलचक नंबर. एरवी मी असे कट करतो.

माझे हात कोरडे होते. तरी पॅन्टला पुसले आणि उचलला.

"सर, पर्सनल लोनबद्दल बोलायचं होतं," एक मुलगा म्हणाला. अगदी कोवळा आवाज, मागे असेच बोलणारे आणखी कितीतरी आवाज. "दोन मिनिटं आहेत का, सर?"

"आहेत," मी म्हणालो. "बोल रे."